वाचक विचारतात : सांडपाण्यातले जिवाणू विकत आणावेत का?

सांडपाण्याच्या पुनर्वापरावर मागील अंकात आलेल्या लेखानंतर वाचकांची बरीच पत्रे आली. त्यातील बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे होता : मैलापाणी शुद्ध करणारे सूक्ष्मजीव नेमके येतात कुठून आणि ते टिकवायचे कसे. निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेत ११० सदनिका असून स्वतःचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र (एसटीपी) आहे. गेले काही महिने केंद्राजवळ दुर्गंधी येते आणि फ्लशसाठी परत येणारे पाणी गढूळ, पिवळट असते. देखभालीचा ठेकेदार दरमहा ‘बायो-कल्चर’ची, म्हणजे तयार जिवाणूंच्या पावडरीची, एक किलोची पुडी टाकायला सांगतो. ती टाकल्यावर दोन दिवस बरे वाटते, मग पुन्हा तेच. हे कल्चर खरोखर आवश्यक आहे का? (सचिव, एक गृहनिर्माण संस्था, पुणे)

उत्तर : चालू असलेल्या केंद्राला दरमहा कल्चरची गरज नसते, हे आधीच स्पष्टपणे सांगते. त्यामागचे गणित आपण स्वतः करून पाहू शकता. ११० सदनिकांत सुमारे ४५० माणसे राहतात असे धरले आणि दर माणशी रोज १३५ लिटर पाणी, त्यातील ८० टक्के गटारात, असा नेहमीचा हिशेब लावला, तर आपल्या केंद्रात दररोज साधारण ५० हजार लिटर सांडपाणी येते. त्यासाठी बांधलेली एरेशन टाकी, म्हणजे जिच्यात ब्लोअरने हवा सोडली जाते ती टाकी, बहुधा ४० ते ५० घनमीटरची असते, आणि ती नीट चालत असेल तर तिच्या दर लिटर पाण्यात साडेतीन ग्रॅमच्या आसपास गाळ तरंगत असतो. हा गाळ म्हणजे माती नव्हे. त्याचा मोठा भाग जिवाणूंचा आणि त्यांनी एकमेकांना धरून राहण्यासाठी स्रवलेल्या चिकट द्रव्याचा असतो. कोरड्या वजनाने मोजला तर हा साठा दीडशे किलोच्या घरात जातो, आणि रोज येणारे मैलापाणी खाऊन त्यात दररोज चार-पाच किलोंची नवी भर पडते. जिथे रोज चार-पाच किलो जिवाणू आपसूक वाढतात, तिथे महिन्याला एक किलोची पुडी, जिच्यातही बराचसा भाग कोंड्यासारख्या भरीचा असतो, काय भर घालणार?

मग केंद्र बिघडते कशाने? माझ्या अनुभवात याचे उत्तर बहुतेक वेळा हवेत सापडते. काही वर्षांपूर्वी अशाच एका संकुलात मी गेले होते. टाकीचे झाकण उघडताच सडक्या अंड्यासारखा वास आला आणि गाळाचा रंग काळा दिसला. चौकशी केल्यावर समजले की, ब्लोअरच्या आवाजाची तक्रार आल्यामुळे आणि विजेचे बिल कमी करावे म्हणून तो रात्री अकरा ते सकाळी सहा बंद ठेवण्यात येत होता. निरोगी गाळ प्राणवायू किती वेगाने संपवतो याची कल्पना बहुतेकांना नसते. पाण्यात दर लिटरमागे २ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला आहे आणि जिवाणू तो ताशी ३० मिलिग्रॅम या वेगाने वापरत आहेत असे धरले, तर ब्लोअर बंद केल्यापासून चार मिनिटांत टाकीतला श्वास संपतो. पुढचे सात तास प्राणवायूवर जगणारे जिवाणू गुदमरतात, आणि ज्यांना प्राणवायू नकोच असतो असे जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करू लागतात. तोच तो वास. त्या संकुलात एकही पुडी टाकली नाही. ब्लोअरला आवाज रोखणारी पेटी बसवली, तो रात्रभर सुरू ठेवला, आणि दोन आठवड्यांत गाळाचा रंग पुन्हा चॉकलेटी झाला. (काही केंद्रांची रचनाच अशी असते की, ठरावीक वेळ हवा थांबवून पाण्यातला नायट्रोजन बाहेर काढला जातो. तो तास-दीड तासाचा नियोजित विराम वेगळा, आणि बिलासाठी रात्रभर बंद ठेवणे वेगळे.)

ब्लोअर चालू असला म्हणून हवा पोहोचतेच असेही नाही. टाकीवर उभे राहून पृष्ठभाग पाहावा. सगळीकडे बारीक बुडबुडे सारखे येत असतील तर तळाचे डिफ्युझर, म्हणजे हवेचे बारीक बुडबुडे सोडणारे सच्छिद्र भाग, ठीक आहेत. एखादा कोपरा उकळल्यासारखा खदखदत असेल आणि बाकी टाकी निवांत असेल, तर तिथला डिफ्युझर फाटला आहे आणि उरलेल्या जिवाणूंच्या वाट्याची हवा तिथून वाया जाते आहे.

दुसरी तपासणी संस्थेच्या कोणत्याही सभासदाला करता येईल आणि तिला काचेच्या एक लिटरच्या मोजपात्राखेरीज काही लागत नाही. ब्लोअर सुरू असताना एरेशन टाकीतले पाणी पात्रात काठोकाठ भरावे आणि ते हलणार नाही अशा जागी ठेवून अर्धा तास नुसते पाहत राहावे. पहिल्या काही मिनिटांत तपकिरी कण एकमेकांना चिकटून दह्याच्या कवडीसारखे दिसू लागतात, मग तो सगळा गठ्ठा एकसंध खाली बसू लागतो आणि वर स्वच्छ पाण्याचा थर उरतो. अर्ध्या तासाने गाळ ३०० मिलिलिटरच्या आसपास आणि वरचे पाणी नितळ असेल, तर आपल्याकडे पुरेसे आणि निरोगी जिवाणू आहेत. गाळ ५० मिलिलिटरही भरत नसेल, तर जिवाणू टाकीत टिकत नाहीत. म्हणजे एकतर पुढच्या टाकीत बसलेला गाळ परत आणणारा पंप बंद आहे, किंवा गाळ प्रमाणाबाहेर काढून टाकला जात आहे. गाळ ८००-९०० वरच अडकून राहिला तर दोन शक्यता असतात. एक तर गाळ काढणेच विसरले गेले आहे, किंवा तंतुमय जिवाणूंचे प्रमाण वाढून गाळ कापसासारखा फुगला आहे. कमी प्राणवायू हे अशा फुगण्याचे एक नेहमीचे कारण असते. दररोज ही नोंद वहीत ठेवण्याचा आग्रह ठेकेदाराकडे धरावा. महिनाभराच्या नोंदी समोर असल्या की निम्मे वाद तिथेच मिटतात.

आपले पाणी गढूळ आणि पिवळट आहे, यावरून गाळ नीट बसत नसावा किंवा बसलेला गाळ पुढे वाहून जात असावा असे वाटते. त्या पाण्याला अमोनियाचा उग्र वासही येत असेल, तर अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू कमी पडत आहेत. हे जिवाणू स्वभावाने संथ असतात. इतर जिवाणूंची संख्या अनुकूल परिस्थितीत अर्ध्या तासात दुप्पट होऊ शकते, तर यांना एक दिवस किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. म्हणून ते एकदा वाहून गेले किंवा कोणी टाकीत ब्लीचिंग पावडर ओतल्यामुळे मेले, की परत जम बसायला काही आठवडे जातात, आणि त्या काळात घाई न करणे हाच उपाय असतो.

कल्चरला अजिबात जागा नाही असे माझे म्हणणे नाही. एखाद्या कारखान्याच्या पाण्यात सहजासहजी न कुजणारे विशिष्ट रसायन असेल, तर त्यावर जगणारे निवडक जिवाणू उपयोगी पडतात. नवे केंद्र सुरू करतानाही बीज लागते. पण तेव्हा सर्वांत उत्तम बीज म्हणजे जवळच्या नीट चालणाऱ्या केंद्रातला टँकरभर गाळ. अनेक ठिकाणी शेणकाला टाकण्याची पद्धत आहे. मात्र शेणातले जिवाणू प्रामुख्याने हवेविना जगणारे असल्यामुळे हवेच्या टाकीत त्यांचा फायदा बेताचाच होतो आणि सफाईचा बोजा उलट वाढतो.

प्रश्न : सांडपाणी शुद्ध करण्यासाठी त्यातलेच जंतू वापरावेत, ही कल्पना प्रथम कोणाला आणि कशी सुचली? (बी.एस्सी.चा विद्यार्थी, सातारा)

उत्तर : जमिनीवर सोडलेले मैलापाणी काही काळाने निर्मळ होते, हे माणसाने फार पूर्वीपासून पाहिले होते. ते काम जिवाणू करतात हे मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच उमगले. आज जगभर सर्वाधिक वापरात असलेल्या पद्धतीची गोष्ट मँचेस्टर शहराची आहे आणि ती तपशिलाने सांगण्यासारखी आहे.

१९१२ मध्ये मँचेस्टरचे रसायनतज्ज्ञ गिल्बर्ट फाउलर अमेरिकेत गेले असता मॅसॅच्युसेट्स राज्यातील लॉरेन्स येथील प्रयोगकेंद्रात मैलापाण्यात हवा सोडण्याचे प्रयोग त्यांना पाहायला मिळाले. परतल्यावर त्यांच्या सूचनेवरून एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट या दोघांनी डेव्हिहल्म येथील केंद्रात काचेच्या बाटल्यांमधून तसेच प्रयोग सुरू केले. बाटलीत मैलापाणी घेऊन त्यात हवा फुंकत राहिले, तर त्यातल्या अमोनियाचे पूर्ण नायट्रेट व्हायला सुमारे पाच आठवडे लागत. इतक्या संथ पद्धतीचा शहराला काय उपयोग? परंतु या दोघांनी एक साधी गोष्ट वेगळी केली. पाणी स्वच्छ झाल्यावर त्यांनी बाटली धुतली नाही. वरचे पाणी ओतून दिले, तळाशी बसलेला गाळ तसाच ठेवला आणि त्यावर नवे मैलापाणी घेतले. दर खेपेला गाळ थोडा वाढत गेला आणि दर खेपेला लागणारा वेळ कमी होत गेला, तो इतका की अखेरीस तेच काम २४ तासांच्या आत होऊ लागले. या गाळाला त्यांनी ‘सक्रिय गाळ’ या अर्थाचे नाव दिले आणि ३ एप्रिल १९१४ रोजी आपला निबंध वाचला. तोवर गाळ ही फेकून देण्याची वस्तू होती. तो राखून ठेवायचा, ही या शोधाची खरी किल्ली आहे, आणि पुण्याच्या सचिवांना मी वर जे लिहिले त्याचे मूळही याच बाटलीत आहे.

फाउलर पुढे १९१६ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले, त्यामुळे या विषयाचा अभ्यास आपल्या देशात फार लवकर रुजला. त्याहीपूर्वी, १८९७ च्या सुमारास, मुंबईतील माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात मैलापाण्याच्या बंदिस्त टाकीतून निघणारा वायू गोळा करून वापरण्याची सोय झाली होती. जैववायूच्या जगाच्या इतिहासात या ठिकाणाचा उल्लेख आवर्जून होतो, आपल्याकडे मात्र तो फारसा कोणाला ठाऊक नाही, याची मला नेहमी खंत वाटते.

प्रश्न : बीओडी म्हणजे काय? जुन्या पुस्तकात ती पाच दिवसांची, तर प्रदूषण मंडळाच्या अहवालात तीन दिवसांची का लिहिलेली असते? (नगरसेविका, विदर्भ)

उत्तर : पाण्यातील सेंद्रिय घाण खाताना जिवाणू जेवढा प्राणवायू वापरतात, तेवढी त्या पाण्याची बीओडी (बायोकेमिकल ऑक्सिजन डिमांड). म्हणजे घाण थेट न मोजता, ती खाणाऱ्यांचा श्वास मोजायचा. नमुना बंद बाटलीत ठेवतात आणि सुरुवातीचा व शेवटचा विरघळलेला प्राणवायू यांतील फरक काढतात. ही कसोटी ब्रिटनमधील सांडपाण्याविषयीच्या राजआयोगाने रूढ केली. १८९८ मध्ये नेमलेल्या या आयोगाने १९१२ च्या आठव्या अहवालात पाच दिवसांची मुदत धरून मर्यादा सुचवल्या. पुढे २० अंश सेल्सिअस तापमान रूढ झाले. आपल्या उष्ण हवामानात जिवाणू अधिक वेगाने काम करतात, म्हणून भारतात २७ अंशांवर तीन दिवस अशी पद्धत स्वीकारली आहे आणि दोन्हींचे आकडे सर्वसाधारणपणे जुळतात. घरगुती मैलापाण्याची बीओडी दर लिटरला २०० ते ३०० मिलिग्रॅम असते. केंद्र सरकारच्या २०१७ च्या अधिसूचनेनुसार शुद्धीकरणानंतर ती महानगरांत २० आणि अन्यत्र ३० च्या आत असली पाहिजे. अहवाल हाती आला की हा एक आकडा आधी पाहावा.

प्रश्न : आमच्या गावाजवळ साखर कारखान्याची आसवनी (डिस्टिलरी) आहे. पावसाळ्यात ओढ्याला मळीमिश्रित काळे पाणी येते, विहिरींचे पाणीही तांबूस झाले आहे. कारखाना सांगतो की त्यांच्याकडे जिवाणूंची प्रक्रिया आहे. मग पाणी काळे कसे राहते? (शेतकरी, पश्चिम महाराष्ट्र)

उत्तर : आपला प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे. मळीपासून एक लिटर मद्यार्क तयार करताना सुमारे ८ ते १५ लिटर स्पेंट वॉश, म्हणजे मद्यार्क काढून घेतल्यावर उरलेले सांडपाणी, निघतो. त्याची बीओडी दर लिटरला ४०-५० हजार मिलिग्रॅमपर्यंत असते, म्हणजे घरगुती मैलापाण्याच्या दीडशे ते दोनशे पट. इतक्या जड पाण्याला हवा पुरवून शुद्ध करायचे ठरवले तर विजेचा खर्चच परवडणार नाही. म्हणून येथे हवेविना काम करणारे जिवाणू वापरतात. बंद टाकीत जिवाणूंचा एक गट साखर-प्रथिनांचे तुकडे करतो, दुसरा त्यांपासून आम्ले करतो, आणि अखेरचा गट त्या आम्लांतून आणि हायड्रोजनमधून मिथेन तयार करतो. हा मिथेन बॉयलरमध्ये जळतो आणि इंधन वाचते, त्यामुळे कारखान्याला या टप्प्यात खरोखर रस असतो. शेवटचा गट मात्र नाजूक असतो. आम्ल वाढले किंवा एकदम जास्त पाणी सोडले, की मिथेन करणारे थांबतात, आम्ल करणारे चालूच राहतात, टाकी आंबट होते आणि मग ती सावरायला आठवडेच्या आठवडे लागतात. दर हंगामाच्या सुरुवातीला घाईने पूर्ण भार टाकल्याने असे घडताना मी पाहिले आहे.

आता रंगाविषयी. मिथेनचा टप्पा उत्तम चालला तरी दर लिटरला काही हजार मिलिग्रॅम बीओडी उरतेच, आणि तो गडद तपकिरी रंग तर जवळजवळ तसाच राहतो. मळीतली साखर आणि अमिनो आम्ले उष्णतेने एकत्र येऊन मेलॅनॉइडिन नावाची संयुगे बनतात, आणि ती जिवाणूंना सहसा पचत नाहीत. भाकरी करपल्यावर जो रंग येतो, त्याच जातीचा हा रंग आहे. म्हणजे ‘जिवाणूंची प्रक्रिया आहे’ हे विधान खरे असूनही ते पाणी ओढ्यात सोडण्यायोग्य ठरत नाही. म्हणूनच आसवन्यांना बाहेर एक थेंबही न सोडण्याचे बंधन आहे. उरलेले पाणी आटवून जाळावे किंवा प्रेसमडमध्ये (उसाचा रस स्वच्छ करताना उरणाऱ्या गाळात) मिसळून कंपोस्ट करावे, असे मार्ग ठरलेले आहेत. ओढ्यात काळे पाणी येते याचा अर्थ साठवण तलाव फुटतो आहे, पाझरतो आहे किंवा पावसाचा आडोसा घेऊन सोडला जातो आहे. आपण विहिरीच्या आणि ओढ्याच्या पाण्याचा नमुना पंचांसमक्ष घेऊन, तारीख-वेळ टाकून, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या विभागीय कार्यालयाकडे लेखी तक्रार करावी आणि तिची पोच घ्यावी. पहिल्या पावसाच्या आधीचा एक नमुना हाताशी असेल, तर तुलना करणे सोपे जाते.

प्रश्न : आम्ही कोकणात राहतो. घराच्या सेप्टिक टँकमध्ये यीस्ट, गूळ किंवा बाजारातली पावडर टाकल्यास तो कधीच उपसावा लागत नाही असे सांगतात. हे खरे आहे का? शौचालयात फिनेल, अ‍ॅसिड वापरले तर जिवाणू मरतात का? (गृहिणी, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : हे खरे नाही, आणि त्यावर विश्वास ठेवून टाकी वर्षानुवर्षे न उपसणे हानिकारक आहे. टाकीला लागणारे जिवाणू आपल्याच पोटातून दररोज जात असतात. ते घन मैल्याचा काही भाग विरघळवतात आणि वायूत रूपांतर करतात. पण न पचणारा भाग, वाळू आणि मृत जिवाणूंचा थर तळाशी साचतच राहतो. तो वाढला की टाकीत पाणी थांबायला जागा उरत नाही, मैला तसाच शोषखड्ड्यात जातो आणि खड्ड्याची छिद्रे कायमची बुजतात. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी टाकी उपसून घ्यावी. उपसताना तळाचा थोडा गाळ मागे राहिला तरी चालते, पुढच्या जिवाणूंना तेच बीज पुरते.

आठवड्यातून एकदा शौचालयाचे भांडे घासण्यापुरते फिनेल वापरल्याने टाकीचे काही बिघडत नाही, कारण एवढ्या पाण्यात ते अगदी विरळ होते. अ‍ॅसिडची बाटली ओतणे, ब्लीचिंग पावडर पसाभर टाकणे किंवा उरलेली प्रतिजैविके शौचालयात फेकणे मात्र टाळावे. शक्य असेल तिथे अंघोळीचे आणि कपड्यांचे पाणी टाकीत न सोडता परसात केळी-नारळीला द्यावे. जिवाणूंना मैल्यासोबत राहायला तेवढाच अधिक वेळ मिळतो.

कोकणासाठी एक गोष्ट विशेष आहे. सेप्टिक टँकमधून बाहेर पडणारे पाणी शुद्ध नसते. त्यातली निम्म्याहून कमी घाण टाकीत कमी झालेली असते, उरलेले काम शोषखड्ड्याभोवतीच्या मातीतले जिवाणू करतात. जांभ्या दगडात मात्र पाणी भेगांतून झरझर खाली उतरते आणि जिवाणूंना पुरेसा वेळच मिळत नाही. विहिरीपासून किमान १८ मीटर अंतर ठेवावे असा संकेत असला, तरी जांभ्यात आणि उताराच्या खालच्या अंगाला विहीर असल्यास त्याहून बरेच दूर जावे. पिण्याचे पाणी पावसाळ्यात उकळूनच घ्यावे.

आणि एक विनंती मी हात जोडून करते. टाकीत कधीही कोणाला उतरवू नये. दोन मिनिटांचे काम आहे म्हणून नको, तोंडाला कापड बांधले आहे म्हणून नको. टाकीतल्या जिवाणूंनी तयार केलेला हायड्रोजन सल्फाइड थोड्या प्रमाणात असतो तेव्हा सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण तो दहा लाख भागांत शंभर भागांच्या आसपास पोहोचला की नाकाची वास घेण्याची शक्तीच हरपते. वास थांबला म्हणून वायू गेला असे समजून माणूस आत उतरतो. शिवाय वरची साय मोडून गाळ ढवळला, की त्यात अडकलेला वायू एकदम सुटतो आणि दोन-चार श्वासांत शुद्ध जाते. अशा दुर्घटनांत एकाला वाचवायला दुसरा आणि दुसऱ्याला वाचवायला तिसरा उतरतो, असे वारंवार घडले आहे. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाकडून सेप्टिक टँक साफ करून घेणे हा गुन्हा ठरवला आहे. नगरपरिषदेची किंवा खासगी मैला उपसणारी गाडी बोलवावी, नळी बाहेरूनच सोडली जाईल याची स्वतः उभे राहून खात्री करावी, आणि झाकण उघडल्यावर जवळ विडी-काडी पेटवू देऊ नये, कारण आत मिथेनही असतो.

प्रश्न : शुद्ध केलेल्या मैलापाण्यात ते जिवाणू उरतात ना? मग ते वापरणे सुरक्षित कसे? (वाचक, ठाणे)

उत्तर : काही उरतात, आणि त्यांत रोगजंतूही असू शकतात. सक्रिय गाळ बसताना बहुतेक जंतू त्यासोबत खाली जातात, काहींना पुढे वर्णन केलेले मोठे सूक्ष्मजीव खातात, तरीही गाळणी आणि क्लोरीन किंवा अतिनील किरणांचा शेवटचा टप्पा टाळता येत नाही. असे पाणी फ्लश, बागा, बांधकाम आणि कारखाने यांसाठी योग्य आहे, पिण्यासाठी नाही. नागपुरात भांडेवाडीच्या केंद्रातले शुद्ध केलेले पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला दिले जाते, आणि तेवढे धरणाचे पाणी शहरासाठी वाचते. आपल्या इमारतीत या पाण्याची नळवाहिनी वेगळ्या रंगाची आहे ना आणि पिण्याच्या वाहिनीशी कुठेही जोडलेली नाही ना, हे नळकारागिराकडून एकदा तपासून घ्यावे.

प्रश्न : आमच्या शाळेजवळ नगरपालिकेचे शुद्धीकरण केंद्र आहे. शाळेच्या साध्या सूक्ष्मदर्शकातून मुलांना हे सूक्ष्मजीव दाखवता येतील का? (विज्ञान शिक्षक, माध्यमिक शाळा)

उत्तर : अवश्य दाखवता येतील, आणि आपण हे करणार आहात याचा मला मनापासून आनंद झाला. केंद्राच्या परवानगीने एरेशन टाकीतले पाणी एका रुंद तोंडाच्या बरणीत अर्धेच भरून घ्यावे, म्हणजे वर हवा राहते, आणि ते तास-दोन तासांच्या आत पाहावे. हातमोजे घालावेत, नमुना शिक्षकांनीच हाताळावा आणि नंतर सर्वांनी साबणाने हात धुवावेत. एक थेंब काचपट्टीवर घेऊन आच्छादक काच ठेवावी आणि शंभर पट वर्धनावर पाहावे.

प्रथम तपकिरी, विस्कटलेल्या ढगांसारखे पुंजके दिसतील. तीच जिवाणूंची वस्ती आहे. एकेक जिवाणू या वर्धनावर दिसत नाही हे मुलांना आधीच सांगावे. मग पुंजक्याच्या कडेला लक्ष ठेवावे. तिथे बारीक देठावर उलट्या घंटेच्या आकाराचा एक जीव डुलताना दिसेल. हा व्हॉर्टिसेला. त्याच्या तोंडाशी केसांसारख्या पापण्यांची भोवऱ्यासारखी फिरती रांग असते आणि तिने तो पाण्यात सुटे फिरणारे जिवाणू ओढून घेतो. बाहेर पडणारे पाणी नितळ दिसते, त्यात याच्या भुकेचा मोठा वाटा आहे. काचपट्टीला नखाने हलकेच टिचकी मारली, की त्याचा देठ स्प्रिंगसारखा वेटोळा होऊन झटकन आखडतो आणि काही क्षणांनी सावकाश पुन्हा ताठ होतो. हे पाहताना मुले हमखास ओरडतात. नशिबाने रोटिफर दिसला, तर डोक्यावर दोन चाके फिरत असल्याचा भास होतो. तो बहुधा जुन्या, स्थिरावलेल्या गाळात आढळतो.

उरलेला नमुना झाकण घट्ट लावून रात्रभर तसाच ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी शिक्षकांनी तो मोकळ्या हवेत उघडून पुन्हा एक थेंब पाहावा. प्राणवायू संपलेला असल्याने व्हॉर्टिसेलाचे देठ रिकामे दिसतील, कारण वरची घंटा देठ सोडून पोहत निघून गेलेली असते. आदल्या दिवशीच्या आणि या दिवशीच्या थेंबाचे चित्र मुलांना वहीत शेजारी-शेजारी काढायला सांगावे.